पाण्याचा वार

तीन दिवसांचा महोत्सव: सिनेमे, व्याख्यानं, गाणी.
न्यू बुधवार पेठेत, विहाराच्या मागचा हॉल.
छत पत्र्याचं, त्यामुळं दुपारी
पडद्यावर बर्फ पडत होतं
आणि खाली आम्ही शिजत होतो.

मी व्याख्याता नाही, गायक नाही.
यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो,
म्हणून प्रोजेक्टर माझ्याकडं.
वायरी, पंखे,
आणि उजेडात बोटांचे ससे नाचवणारी पहिल्या रांगेतली पोरं,
तीही माझ्याकडंच.

सकाळी नागपूरचे एक सर तण्हेवर बोलले.
पाली शब्द, म्हणाले,
तुमच्या तोंडातली तहान त्याच घरातली.
मागून कुणीतरी: "नळाला चार दिवसांआड पाणी, सर,
आमचं निब्बाण जवळच आलं म्हणायचं."
सर खूप हसले.
मग बाटली उघडून प्यायले, थोडे ओशाळून.

सिनेमा कुठल्याशा डोंगराळ देशातला.
नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
मुंडण केलेलं पोरगं, चीवर पायात येणारं,
नदीवर घडा भरतं आणि वरच्या मठाकडं निघतं.
पायऱ्या. नुसत्या पायऱ्या.
खाली इंग्रजी अक्षरं पळत होती
आणि बारावीतली उत्पला माइकवर
धापा टाकत मराठीत सांगत होती:
"तो म्हणतो... थांबा, तो काहीच म्हणत नाहीये."

तिसऱ्या रांगेतून गयाबाई शिवशरण म्हणाल्या,
"चुंबळ नाही गं त्याच्या डोक्यावर.
मान मोडंल की लेकराची."
चाळीस वर्षं विड्या वळलेली त्यांची बोटं
मांडीवर आपली आपण चालत होती,
पान नसताना, तंबाखू नसताना.

पाच वाजून दहा मिनिटं.
पोरगं निम्म्या पायऱ्यांवर.
एक फोन वाजला. मग सात.
"पाणी आलं."

बायका उठल्या.
पडद्यावर ते पोरगं चढत होतं
आणि त्याच्या अंगावरून
सावल्या उतरत गेल्या,
एकेक त्याच्या डोंगराएवढी.
मग पेठेतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या,
व्होल्टेज पडलं,
बर्फ पिवळं झालं,
मी मीटरकडं पळालो.

संध्याकाळी बायका परत आल्या,
पातळांचे काठ ओले.
हणमंत चंदनशिव्यांचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो,
तिथंच लोकांना तो जास्त आवडतो.
ढोलकीवाल्याचं बोट चिरलेलं, चिकटपट्टी लावून वाजवत होता.
गयाबाई टाळी धरत होत्या, अर्धी मात्रा मागं,
बादल्या उचलून हात भरून आलेले.

साडेदहाला मी खुर्च्या एकात एक घालत होतो.
"पोचलं का वो पोरगं वर?"

पोचलं, असं ओठावर आलं होतं.
पण सकाळीच याच तोंडानं
मुसावादा वेरमणी म्हटलेलं.
म्हणालो, "बाई, मी मीटरपाशी होतो.
मलाबी ठाऊक नाही."

मग चार खुर्च्या परत उघडल्या.
आवाज बंद, शेजारी परीक्षेची पोरं होती.
उत्पला सतरंजीवर झोपलेली,
सांगायला कुणी नाही.
अकरा मिनिटं.

पोरगं पोचलं.
म्हातारे भन्ते झोपले होते.
त्यानं घडा टेकवला, वर झाकण ठेवलं,
आणि उठवलं नाही.
बसून राहिलं.
बर्फ पडत राहिलं.

मग नावं आली, वळणावळणाच्या लिपीत,
वर वर जाणारी.
आम्हा कुणाला एकही वाचता येईना.
मी बंद करायला गेलो
तर गयाबाईंनी हात केला.
"राहू द्या. कुणाकुणाची लेकरं असतील."
सगळी नावं पाहिली त्यांनी,
पडदा काळा होईपर्यंत.

चप्पल घालताना म्हणाल्या,
"पुढच्या साली परत आणा ह्यो सिनेमा.
पण तेवढं
पाण्याचा वार बघून लावा."